दोन टक्के

बाहेर त्रेचाळीस. आत, काचेच्या दाराआड, सदतीस.
मे महिन्यातल्या उदगिरात
पेशींचंच नशीब थंड, असं खाजामियाँ म्हणतात
आणि इन्क्युबेटरला पाठ टेकवून उभे राहतात.

पेशी एका शेवऱ्या वासराच्या.
देवणीच्या गोठ्यातून आणलेला, मांडीतला
हरभऱ्याएवढा तुकडा. भूल, दोन टाके.
दुसऱ्या दिवशी ते दावं तोडून पळालं.
त्याला ठाऊक नाही की ते इथंही आहे,
तळहाताएवढ्या बशीत, गुलाबी पाण्याखाली.

वीस टक्के सीरम, म्हणजे दिवसरात्र एकच निरोप:
वाढा.
निरोप्या आत शिरत नाही. दाराची कडी वाजवतो.
आतला पहिला दुसऱ्याला फॉस्फेटचा ठिपका लावतो,
दुसरा तिसऱ्याला, हळदीच्या घरात लावतात तसा,
आणि पार गाभ्यापर्यंत सगळे पिवळे होऊन
एकाची दोन, दोनाची चार करत सुटतात.
स्नायू कसं व्हायचं हे माहीत असलेलं एक प्रथिन
त्या गलक्यात तोंड मिटून बसलेलं असतं.
मायोडी त्याचं नाव. त्याचं कुणी ऐकत नाही.

सोमवारी मी ते पाणी काढून घेतलं.
दोन टक्के दिलं.

मराठीत हे बरं आहे:
आम्ही वाढायचं थांबवलं
की त्या वाढायच्या थांबतात.

बुधवारी त्या लांबुळक्या झाल्या होत्या.
गुरुवारी डोक्याला डोकं लावून आडव्या,
आणि मधल्या भिंती कुठं गेल्या ते मला दिसलं नाही,
मी तेव्हा सिलिंडरसाठी लातूरला फोन करत होते.
परत डोळा लावला तर एकाच लांब नळीत
ओळीनं केंद्रकं, तुरीच्या शेंगेतल्या दाण्यांसारखी.

बिरादार सर वाकून बघत म्हणाले,
बघा, टंचाईच घडवते.
आपल्या मराठवाड्याला हे कुणी शिकवायला नको.
परिषदेत हीच स्लाईड पहिली टाका.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
चार नंबरच्या बशीत मी शून्य दिलं होतं.
त्यातल्या सुटून वर तरंगत होत्या,
खाजामियाँनी आधी पाहिलं: मॅडम, ह्या मरलालेत.
सात नंबरला दोनच टक्के, पण पेशी विरळ,
एकीचा दुसरीला हात लागणार नाही इतक्या.
सातवा दिवस आला तरी त्या एकेकट्याच.
टंचाई तीच होती, सर. शेजार नव्हता.

आणि भरल्या बशीतही काही जणी
नळीत गेल्याच नाहीत.
कडेला आखडून बसल्या, वाढत नाहीत, जुळत नाहीत.
पुस्तकात त्यांना राखीव म्हणतात.
पुढं कधी जखम झाली तर त्यांना उठवतात.
घरी आई विचारते, तुझं काय ठरलंय,
तेव्हा हा शब्द माझ्या जिभेवर येतो
आणि मी आमटी मागून घेते.

सातव्या दिवशी साडेसहाला लाईट गेली.
जनरेटर धरेपर्यंत अकरा मिनिटं.
छत्तीस पूर्णांक दोन, वहीत लिहिलं,
बशी भिंगाखाली ठेवली, नुसतं बघायला.

एका नळीनं अंग आखडलं.
सोडलं.
मग बराच वेळ काही नाही.

खाजामियाँनी टोपी मागं सरकवून डोळा लावला.
श्वास धरून उभे राहिले, जसे गोठ्यात राहतात
गाय अडली असली की.
मॅडम, हललालंय की हे.

मग मागं सरले, खुर्चीचा आवाज न करता,
आणि दार हळू लावून घ्या म्हणाले.