शेरा

एकतीस वर्षं मीटर वाचले मी.
सातपूर, अंबड, सिडकोची पाचवी स्कीम, सहावी स्कीम,
कुठल्या फाटकाआड कुत्रं बसतं
ते अजून पाठ आहे.
आता जानेवारीतल्या रविवारी, सव्वासहाला,
नासर्डीच्या पुलावर उभा,
गळ्यात शाहीन मॅडमची दुर्बीण, कानटोपी,
हातात तक्ता.

तुकडा क्रमांक चौदा.
चारशे मीटर नदी, दोन्ही काठ,
एक भंगारवाला, बाभळी सात.
कुणालाच नको होता. मी मागून घेतला.

"टिटव्या दोन."
"तीन, काका. एक ओरडत नाहीये,"
ओजस पगार, नववी ब, मान वर न करता.
वंचक एक : गोणपाट समजून सोडून देणार होतो,
उडाला आणि पांढरा झाला.
धोबी अकरा.
शेकाटे सत्तावीस, कारखान्याच्या फेसातून जाताना
असे पाय उचलतात
जणू कुणी नुकतीच फरशी पुसलीय.

भंगारवाला पत्र्याआडून ओरडतो,
"रीडिंग घेताय काय? बिल कुणाला लावणार?"

मग ती ओळ येते. कवड्या खंड्या.
मी तिच्याखालच्या ओळीवर जातो.
मॅडमचं बोट परत वर येतं :
"शून्य लिहा, बागूलकाका.
रिकामं सोडलं तर अर्थ होतो
की आपण बघितलंच नाही."

बघितलं.
अर्धा तास बघितलं.
त्याआधी, कामाला लागलो त्या वर्षी,
याच पुलावर सायकल टेकवून बघितलं होतं :
हवेत एका जागी फडफडत थांबलेला,
मान खाली, काळापांढरा,
आणि सुटलेल्या दगडासारखा सरळ पाण्यात.
तळाचे गोटे दिसायचे तेव्हा.
तेव्हा कुणी मोजत नव्हतं,
त्यामुळे तो होता याला पुरावा
फक्त मी, आणि मला
हल्ली चष्म्याचं घर सापडत नाही.

आमच्याकडे एक शेरा असायचा, मॅडम,
'दरवाजा बंद'.
म्हणजे घर आहे, माणसं आहेत,
दोरीवर कपडेसुद्धा वाळतायत,
आपण आलो तेव्हा कुलूप होतं इतकंच.
तसा रकाना नाही का यात?

नाही.

मी शून्य काढलं. नीट, गोल,
जोड दिसू नये असं,
साहेब तपासायला येणार असल्यासारखं.
आणि समासात, पेन्सिलीनं, सवयीनं :
'पुन्हा भेट देणे.'

तिनं वाचलं. खोडलं नाही.
म्हणाली, "मात्र सरासरी लावायची नाही हं,"
आणि ओजसनं माझी बाही ओढली,
सातव्या बाभळीत काहीतरी हललं होतं.