वर गेला की सांगू, की खाली?

गुरुवारी दुपारी मी वाचनालयात संगणकाची मदत करते.
कोस्किवारात म्हातारे जास्त,
आणि बहुतेकांचे पासवर्ड मेलेल्या कुत्र्यांच्या नावाचे.

इल्पो हुत्तुनेन आला तो बूट दाराशी काढून, मोज्यांवर,
काखेत जुना लॅपटॉप, बिजागरीला काळी टेप.
"शेअरवर लक्ष ठेवणारं काही असतं का? फुकटचं?"

असतं, म्हटलं. फुकट, आणि वर मुक्त.
"कुणी बनवलं?"
कुणीकुणी. मुलं झोपल्यावर, रात्री.
"पैसे कोण देतं त्यांना?"
कुणीच नाही.
एकतीस वर्षं कागदगिरणीत तीन पाळ्या केलेला माणूस,
त्याला हे गणित काही बसेना.
शेवटी म्हणाला, फुकट ते पौष्टिक,
आणि हसला मात्र नाही.

शेअर गिरणीचेच. एका वर्षी बोनसऐवजी हातावर ठेवलेले,
सहाशे चाळीस.
चौदा युरो झाले की विकायचे,
होडीला नवं इंजिन घ्यायचं.
पडद्यावर एक ओळ उमटली: नाव, भाव, आणि प्रश्न,
वर गेला की सांगू, की खाली?

"वर," इल्पो म्हणाला.
"खाली गेलेलं आम्हाला न सांगता कळतं."

आवाज कोणता? घंटा आहे, बेडूक आहे, पाण्याचा थेंब आहे.
त्याने फोन काढून स्वतःचा एक आवाज ऐकवला.
वाचनालयातल्या सगळ्या माना वर.
यंत्रावर कागद तुटला की वाजतो तो भोंगा.
"ह्याला मी झोपेतसुद्धा उठतो. हाच लाव."
लावला.

दोन हिवाळे लॅपटॉप त्याच्या फ्रिजवर होता,
पावाच्या डब्याशेजारी.
दर पाच मिनिटांनी बाजाराला विचारायचा,
उत्तर ऐकायचा, गप्प बसायचा.
अकरा. दहा साठ. अकरा वीस. दहा नव्वद.
"तुमच्याच वळणावर गेलाय," बायको म्हणायची, राइली.

मग मार्चमधली एक सकाळ, दहा वाजून सात मिनिटं.
तीन नंबरच्या यंत्रावर भोंगा झाला.
आठ माणसं कॉफी टाकून धावली.
कागद धावत होता. नऊ मीटर रुंद, सलग,
कुठे चीर नाही, सुरकुती नाही,
आणि भोंगा वाजतोच आहे
इल्पोच्या छातीच्या खिशातून.

चौदा पूर्णांक शून्य पाच.

कुणी हसलं, कुणी पाठीवर थाप मारली,
इंजिन किती हॉर्सपॉवरचं घेणार, वगैरे.
कारण मागाहून आलं, चार मिनिटांनी, मॅनेजरच्या पावलांनी:
तीन नंबर सप्टेंबरात बंद. दोनशे बारा माणसं.
बाजाराला ते आधी कळलं होतं
आणि आवडलं होतं.

पुढच्या गुरुवारी इल्पो पुन्हा आला, मोज्यांवर.
"ह्यात वर आहे, खाली आहे, टक्के आहेत," म्हणाला,
"का, असं विचारायची सोय आहे का?"

नाही, म्हटलं. पण सगळा कोड उघडा आहे,
कुणालाही भर घालता येते.
म्हणजे, कुणाला जमलं तर.
तो मान हलवत राहिला, हो की नाही ते कळेना.

विकले का, हे मी विचारलं नाही.
सूचना काढून टाक म्हणाला, काढली.
ओळ गेली. प्रश्न तसाच उरला,
रिकाम्या चौकटीच्या डोक्यावर.

जाताना त्याला कामगार कचेरीचा अर्ज छापून हवा होता.
प्रिंटरने एक पान सोडलं, कोमट.
इल्पोने मजकुराकडे बघितलंच नाही,
कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळला,
मग खिडकीसमोर उजेडात धरला.

"ऐंशी ग्रॅम," म्हणाला. "आमचाच."
आणि घडी न घालता,
तान्ह्या बाळाला धरावं तसं दोन्ही हातांवर घेऊन
बूट घालायला गेला. बूट घालता येईनात.
तेवढ्यापुरतं ते पान मी धरलं.