मीठ अंदाजाने

शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला
वारजे नाक्यावरच्या गाडीवरून माझं पार्सल यायचं:
चिली चिकन, ड्राय, एक फुल.
काळी पिशवी, तिच्यात पांढरी पिशवी, तिच्यात चांदीचा कागद
आणि तळाशी लाल तेल,
बोटाला लागलं की सोमवारपर्यंत न जाणारं.

खायचो गॅलरीत, वॉशिंग मशीनवर ताट ठेवून.
ताट वेगळं, काठाला पोचा पडलेलं,
त्याची घासणीही वेगळी.
एकवीस वर्षं हा तह पाळला आम्ही.
तिनं कधी नाक मुरडलं नाही,
मी ते ताट कधी आत आणलं नाही.

मग फेब्रुवारीत स्टेंट बसला.
डॉक्टर माझ्या भाच्याएवढा.
कागदावर त्यानं नळी काढली, नळीत कचरा काढला,
आणि विचारलं, बाहेरचं खाणं कितपत?
मी म्हणालो, फारसं नाही.
सुनीती म्हणाली, दर शनिवारी. चिली चिकन. फुल.

चार शनिवार दुधीचे गेले.
दुधीबद्दल माझी तक्रार नाही.
दुधीचीही माझ्याबद्दल नसावी.

पाचव्या शनिवारी ती शाळेतून आली
आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला,
स्टाफरूममधल्या मंजुळा सोनकांबळेंच्या अक्षरातला:
बोनलेस पाव किलो, कातडी नको.
दही एक चमचा, आलं-लसूण, मिरपूड. अर्धा तास मुरू दे.
कॉर्नफ्लॉवर नुसता भुरभुरव.
तळायचं नाही. लोखंडी तवा, तेल दोन चमचे.
सोया सॉस अर्धा चमचा, वरून लिंबू.
रंग नको. याच्याखाली दोन रेघा.

मी विचारलं, करणार कोण?
ती म्हणाली, तुला धड कांदा चिरता येत नाही.

कर्वेनगरच्या गल्लीत, इक्बालभाईच्या दुकानापाशी
ती स्कूटरवरून उतरली नाही.
तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे.
पुण्यात त्या वेशात बाईला कुणी ओळखत नाही.
मी आत गेलो. काट्यावरचा गुलाबी तुकडा
एवढासा दिसला,
एकवीस वर्षं न झालेल्या भांडणाच्या मानानं.

घरी आल्यावरही तिनं स्कार्फ सोडला नाही.
मेडिकलमधून आणलेले हातमोजे,
नवी सुरी, किमतीचं लेबल तसंच चिकटलेलं.
पहिला तुकडा कापताना तिनं डोळे मिटले.
मी ओरडलो, बोट!
दुसऱ्या तुकड्याला उघडे ठेवले.
पुढचे सगळे सारखे, दीड-दीड सेंटिमीटर,
शेवटी बाई भूमितीच्या.

तवा तापला. लसूण पडला, मिरची पडली, ढोबळी पडली,
आणि वास उठला, दोघांच्याही ओळखीचा:
मला समोरून,
तिला गॅलरीच्या दाराच्या फटीतून.

मिठापाशी ती अडली.
एरवी पळीतला थेंब तळहातावर, तळहात जिभेला, मग मीठ.
आता पळी नुसती वर धरलेली.
मी म्हणालो, मी बघतो.
ती म्हणाली, तू जास्तच सांगशील.
एक चिमूट टाकली, मग अर्धी,
न चाखता, नैवेद्याला घालतात तशी.
हे मला तेव्हा सुचलं. बोललो नाही.
बोललो असतो तर पळी बसली असती.

चव सांगतो. नाक्यावरची नव्हती.
कुरकुर नाही, लाली नाही,
लिंबू फार पुढे आलेलं, ढोबळी मऊ पडलेली, मीठ कमी.
ती म्हणाली, खरं सांग.
म्हणालो, मीठ किंचित कमी.
ती म्हणाली, मग बरोबर झालंय.

ताट घेऊन मी सवयीनं गॅलरीकडे निघालो.
टेबलावर तिचा वरणभात वाढलेला.
बाहेर डास आहेत, ती म्हणाली,
लिंबाच्या बिया काढता काढता, वर न बघता.
बस इथंच.

परवा नाक्यावर मानबहादूरनं कढई उडवता उडवता हात केला.
मी स्कूटर थांबवली नाही.
थांबवली, खोटं कशाला बोलू.
पण विचारलं एवढंच, की ढोबळी किती वेळ परतायची.
मोठ्या आचेवर, साहेब, एक मिनिट. फार तर दीड.

आता हे सुनीतीला सांगायचं
तर मी तिथे थांबलो होतो, तेही सांगावं लागेल.
शनिवारला अजून दोन दिवस आहेत.