विंगेतला आवाज

म्हापशाहून पार्सेला निघालो तेव्हा
डिकीत एक ग्राफिक्स कार्ड होतं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, पंखा नसलेलं,
नुसत्या पातळ पात्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या.

बाबुसो पार्सेकरांच्या टीव्हीखालची काळी पेटी
मीच बांधून दिली होती, गेल्या चवथीला.
तेव्हा छाती काढून म्हणालो होतो,
प्रोसेसर पुरे. वेगळं कार्ड कशाला?
पावशेर तारल्यांसाठी कोणी टेंपो करतं का?

मग मस्कतच्या मुलाने ड्रोनची फिल्म पाठवली
आणि माझे शब्द मलाच गिळावे लागले.
प्रोसेसर शंभर टक्क्यांवर,
माड धक्के खात पुढे सरकणारे,
शापोरा नदी पायरी-पायरीने उतरणारी.

कार्ड बसवलं.
नदी सलग वाहू लागली. प्रोसेसर चार टक्क्यांवर,
जेवून ओसरीवर टेकल्यासारखा.
"बरें," बाबुसो म्हणाले. "आता तें लाव."

तें म्हणजे एक्क्याण्णव सालचं जत्रेतलं नाटक.
मुलाने कॅसेटवरून उतरवताना जीव ओतलेला,
फुगवून भल्यामोठ्या पडद्याएवढं केलेलं,
काळोखात रंगांचे पट्टे पडू नयेत म्हणून
दहा बिटांत बांधलेलं.
कार्डाला आठच कळतात.
त्याने फाइल पाहिली आणि हात वर केले.

प्रोसेसरने ती उचलली, मुकाट्याने,
एकेक चौकट सोडवत,
आणि त्याचा पंखा असा सुटला
की भाताची गिरणी घरात आली.

पडद्यावर राजा.
म्हणजे रेशन दुकानाचा विनू शेटगांवकर,
दाढी डाव्या कानापासून सुटलेली.
मी विचारलं, तुम्ही कुठे यात?
"विंगेत. पुस्तक घेऊन."
दिवसा मीटरचे आकडे, रात्री लोकांची भाषणं.
बत्तीस वर्षं.

राजा बोलता बोलता अडकला.
बाबुसो खुर्चीच्या टोकावर आले,
कान पडद्याकडे, डोळे मिटलेले.
पंखा ओरडत राहिला.
"पंखो आयकूं येता," ते म्हणाले, "हांव न्हय."

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
ती फाइल मी माझ्या मशीनवर टाकली.
कार्डाला कळेल अशा भाषेत लिहायला
प्रोसेसरला अकरा तास लागले.
गिऱ्हाइकं रोज विचारतात, दोघांतला मोठा कोण.
मी डास मारत त्या टक्क्यांकडे बघत होतो,
सदतीस, अडतीस,
आणि मला काही सांगता आलं नसतं.
पडद्यामागच्या काळोखात शेवटी दोन पट्टे पडलेच.
मुलाला ते कळवलेलं नाही.

रविवारी पुन्हा पार्से.
वहिनींनी आपण होऊन फ्रिज बंद केला.
कार्डाने फाइल घेतली. पेटीचा पंखा
चालू आहे की नाही, हात लावून पाहावं लागत होतं.

राजा आला. दाढी तशीच.
सेनापतीकडे वळला, हात उचलला,
आणि थांबला.
प्रेक्षकांत एक पोर खोकलं.
कुठेतरी चण्याची पुडी फाटली.
मग डावीकडून, कोरडा, तरुण,
घाईत असूनही न धावणारा आवाज:
किल्ल्याचं दार...
राजा गप्प.
किल्ल्याचं दार उघडं का?
आणि विनू शेटगांवकर गरजला,
जणू त्यालाच हे आत्ता सुचलं:
"किल्ल्याचं दार उघडं का!"
टाळ्या. शिट्ट्या.

मी बाबुसोंकडे पाहिलं.
त्यांचे डोळे पडद्यावर नव्हतेच.
ओठ हलत होते,
राजाच्या अर्धा शब्द पुढे,
पुढचं भाषण, त्यानंतरचं सेनापतीचं,
राणीचंसुद्धा.
वहिनींनी चहा ठेवला, पुसलं, साखर पुरे?
त्यांनी हात वर केला, थांब म्हणून.
अंक अजून संपायचा होता.