सत्तावीस इंच

सोफ्याचा हात बावीस इंच.
यांनी तीनदा मोजला, टेपचं टोक मला धरायला लावून,
आणि वीजबिलाच्या पाठीमागं लिहिलं:
उंची बावीस, फार तर तेवीस. रुंदी अठरा.
जन्मभर पाटबंधारे खात्यात मापं लिहिली या माणसानं.
कालव्याला पाणी आलं नाही कधी,
माप मात्र चुकलं नाही.

जिंतूर रोडच्या शोरूममध्ये पोरगा म्हणाला,
सर, सध्या हेच चालतंय.
काळ्या लोखंडाचे बारीक पाय, वर पांढरी फरशी,
म्हणजे फरशीसारखं काहीतरी,
आणि बाजूला मोबाईलची वायर घालायला भोक.
एकावर एक घेतलं तर सूट.
यांनी खिशातून टेप काढला. बरोबर बावीस.
पोरीची सोयरीक जमल्यासारखा चेहरा फुलला.

मी म्हटलं, एकच घ्या.
माझ्या बाजूचं मी बघते.

"एका सोफ्याला दोन जातीची टेबलं? कुठं बघितलंस असं?"
म्हटलं, त्याच सोफ्यावर आपण दोघं बसतोच की.

गुजरीच्या मागं कदीरभाईंचं गोदाम.
त्यांच्या मते तिथलं सगळंच निजामाच्या काळातलं,
प्लास्टिकची बादलीसुद्धा.
कोर्टातली बाकं, पाळण्याच्या कड्या,
दात काढायची एक खुर्ची, तिच्यावर मांजर.
आणि तीन गंजक्या कुलरांच्या मागं
ते.

गोल माथा, मधे एक कातीव खांब, खाली तीन पंजे.
एका पंज्याचं नख तुटलेलं.
मी आधी ते नख ओळखलं, मग टेबल.

गुलशन स्टुडिओ, त्र्याऐंशी साल.
मागं पडद्यावर रंगवलेलं काश्मीर,
टेबलावर कागदाचे गुलाब,
अंगावर निर्मलामावशीची मोरपंखी साडी.
परभणीतल्या लग्नाच्या सगळ्या पोरी तिथंच उभ्या राहायच्या,
कुंभारांची छबू, रझिया, आमची थोरली.
काळ्या कापडातून फोटोवाले काका म्हणाले,
हात ठेवा, बाई. जोर देऊ नका, डुलतं ते.
म्हणून मी हात ठेवल्यासारखा केला,
एक बोटभर वर, हवेत.

बारा प्रती निघाल्या.
सेलूला गेल्या, मानवतला, पूर्ण्याला.
चार परत आल्या, पाकिटाच्या कोपऱ्याची हळद तशीच.
बाकीच्या कुणाच्या घरात राहिल्या, कोण जाणे.
एक यांच्या कपाटात आहे अजून, विम्याच्या कागदांत.
सासूबाई म्हणायच्या, किती निवांत टेकून उभी आहे बघा पोरगी.
ते बोटभर कुणाला दिसलं नाही.

"सत्तावीस इंच! पाच इंच जास्त.
हे कामून घ्यायलीस?"
कदीरभाई म्हणाले, शिसम आहे साहेब, अडीच हजार.
मी अठराशे मोजले.
रिक्षात ते मांडीवर घेतलं. हे पूर्ण रस्ता
दुसरीकडं बघत होते, टेप गुंडाळत, सोडत, गुंडाळत.

आता डावीकडं यांचं:
रिमोट, बीपीच्या गोळ्या, चार्ज होणारा फोन, सगळं हाताशी.
उजवीकडं माझं.
कप ठेवायचा तर कोपर उचलावं लागतं,
आणि चहा बशीत सांडतो थोडा.
पाहुणे विचारतात, हे वारशाचं का?
मी म्हणते, हो, तसंच समजा.

मिस्त्री म्हणाला, पायाखाली पुठ्ठा घाला, डुलणार नाही.
घातला नाही.

परवा दुपारी हे बँकेत गेलेले.
उठले, त्याच्याजवळ उभी राहिले,
गुलशनमध्ये उभी होते त्याच बाजूला.
हात ठेवला.
मग जोर दिला, सगळा,
बासष्ट वर्षांचा, अडुसष्ट किलोंचा.
डुललं. करकरलं.
मी तशीच उभी होते
गॅसवाल्यानं बेल वाजवेपर्यंत.