काजळी आणि राख

गाडी स्वतःच्या पायांनी आली, लंगडत,
चाळिसाच्या वर जायला तयार नव्हती.
थर्सोच्या चढावर मागच्या मासळीच्या ट्रकने
हॉर्न वाजवून वाजवून तिचा उद्धार केला.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा :
एक डबी, तिच्यात ठिपके, बस.
"तीन आठवडे झाले, इश्बेल," फार्कर स्वॉन्सन म्हणाले,
"हा नुसता बघतोय माझ्याकडे."

इन्व्हरनेसच्या शोरूमने सांगितलं होतं,
फिल्टर गेला. नवा घाला. चौदाशे पौंड.
आणि विकमधला एकजण कानाशी लागून,
"कापतो, आतून पोकळ करतो, कुणाला कळायचं नाही."
कळतं.
मागून येणाऱ्या पोराच्या छातीला कळतं.

मी लॅपटॉप जोडला.
इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली,
आणि सेन्सर सांगतोय, दाब चौदा मिलिबार.
बंद गाडीत कसला दाब?
श्वास कोण घेतंय आत?
वाकून टॉर्च मारला. रबराची बारकी नळी
टोकाशी उकलली होती, तळव्याला भेग पडावी तशी,
आणि सेन्सरच्या पोटात पाणी.
रोग रेड्याला नि औषध पखालीला,
ते हे.

नवा सेन्सर, नवी नळी.
आता आकडा खरं बोलला : काजळी सव्वीस ग्रॅम.
म्हणजे दिवा अगदीच खोटारडा नव्हता,
नुसता वाढवून सांगत होता.
ऑइलची काडी ओढली. खुणेच्या वर बोटभर,
आणि वास डिझेलचा.
जाळायला म्हणून जास्तीचं डिझेल सोडायचं,
आणि प्रत्येक वेळी अर्ध्यात चावी बंद.
ते उतरलं खाली, ऑइलात.

"रोज किती चालवता?"
"दोन मैल. परत दोन."
"दिवसातून?"
"तीनदा." मग टोपी काढून,
"थोरा तिकडे असते. स्क्रॅब्स्टरच्या वाटेवर, त्या होममध्ये.
जेवण माझ्या हातूनच घेते."

मी काडी पुसत राहिले. बराच वेळ.
इंजिन तापायच्या आत तुम्ही पोचता, हे
कुठल्या कोडमध्ये लिहून येत नाही.

ऑइल बदललं. म्हटलं, चला, चालवा तुम्ही.
ए-नाइनने दक्षिणेला,
चौथ्या गिअरमध्ये, काटा अडीच हजाराच्या खाली नको.
दोन्ही बाजूंना ओला पीट, मेंढ्या, कुणी नाही.
लॅथेरनला समुद्र डावीकडे आला
आणि लॅपटॉपवर तापमान चढायला लागलं,
पाचशे, साडेपाचशे, सहाशे दहा.
"वास येतोय. थांबू का?"
"थांबलात तर परत पहिल्यापासून."
ते थांबले नाहीत.
सव्वीस. एकोणीस. अकरा.
मला आकडे मोठ्याने वाचायला सांगितले त्यांनी,
लॉटरीचे वाचावेत तसे.
डनबेथला चार.

"म्हणजे सगळं जळालं?"
काजळी जळते, मी म्हटलं.
राख राहते. ती ऑइलाची, इतक्या वर्षांची,
तिला किती तापवलं तरी जागची हलत नाही.
अजून जागा आहे मात्र. बरीच.
ते समुद्राकडे बघत होते.
पंखा बराच वेळ फिरत होता.

बिलावर सेन्सर, नळी, ऑइल, ऑइल फिल्टर, मजुरी लिहिली,
आणि खाली, सूचनेच्या रकान्यात :
दर मंगळवारी डनबेथ. न थांबता.
"एकटा एवढ्या लांब जाऊन करू काय?"
याला माझ्याकडे स्पॅनर नव्हता.

दुसऱ्या महिन्यात फोन आला,
मागे वारा, गल, आणि कुणीतरी खोकणारं.
"दिवा लागला नाही. पण उतरल्यावर पंखा केवढा ओरडतो!
थोरा विचारतेय, हे बरोबर आहे का?"

बरोबर आहे, मी म्हटलं.
सांगा तिला, बरोबर आहे.