आडवी बाटली

रोवणीच्या तिसऱ्या दिवशी ते बंद पडलं.
पुस्तकला दिघोरे बांधीतून धुऱ्यावर आली,
पदराला हात पुसले,
आणि अंगठा नुसताच फिरत राहिला
पांढऱ्या पडद्यावरच्या सरकारी सूचनेभोवती.

डोक्यावर पऱ्ह्यांची पेंडी, पायाखाली चिखल,
आणि सासूची हुबेहूब नक्कल.
पंधरा सेकंदांत बसवायची ती सगळं.
एकोणीस हजार लोक होते तिच्यामागे.
तहसिलात तिचं नाव अजून पुष्पकला आहे.
दुरुस्तीचा अर्ज मीच भरला, तीनदा.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर
मास्तर म्हणाले, देशाचा प्रश्न आहे,
आपली माहिती परक्यांच्या हाती जाते.
"माही कोनती?" तिनं विचारलं.
मास्तरांनी मोबाईल खिशात घातला,
काढला,
पुन्हा घातला.

"हसन्याचा आवाज जात असन," तीच म्हणाली,
"धुऱ्याची जागा. मी कवा झोपतो ते.
जाऊ नाई दिलं पायजे, बराबर हाय.
माहा पोरगा त्यात दोन वाजेपर्यंत जागे.
पन बंदी मले नोको शिकवा, मास्तर."

कारण ती होती त्या रांगेत,
आठ वर्षांमागे, शाळेच्या व्हरांड्यात,
कडेवर हाच पोरगा.
चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली, आडवी बाटली.
निम्म्याहून जास्त बायांनी आडवी केली
आणि बसस्टॉपजवळचं दुकान उठलं.
सहा महिन्यांत दारू दुधाच्या कॅनमधून परत आली.
हेही ती लपवत नाही.

"तवा आमी इचारलं नवतं
दुकानवाला कोन्या गावचा.
देशी का विदेशी, नाई पाह्यलं.
घरात येऊन का करते, ते पाह्यलं.
आन् आमाले इचारलं होतं.
एकेकीले. बोटाले शाई लावून."

कोणी काही बोललं नाही.
मास्तरांना चहाची आठवण झाली.
मी कुलूप लावलं.

आता तिच्या फोनात दुसरं आहे.
तेही परक्याचंच,
फक्त त्या परक्याशी सध्या आपलं बरं चाललंय.
त्यात पोरगा तीन वाजेपर्यंत जागतो.
सासूची नवी नक्कल टाकली तिनं मागच्या आठवड्यात,
अकरा जणांनी पाहिली.
त्यातली एक सासू.